सीडी की टूकी? आठ ट्रीटमेंट, चोवीस वाफे आणि परत आलेला पेपर

घाटेअळी
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी एम.एस्सी. ॲग्री, ॲग्रोनॉमी, दुसरं वर्ष. रब्बीत हरभऱ्यावर प्रयोग घेतला. आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन), आठ ट्रीटमेंट (वाफ्यांना दिलेले वेगवेगळे उपचार), तीन रेप्लिकेशन (प्रत्येक ट्रीटमेंट तीन वाफ्यांत). थिसिसमध्ये शिरस्त्याप्रमाणे सीडी काढली, 'टी-८ सर्वांत सरस आणि टी-४ ते टी-७ त्याच्याशी ॲट पार' असं लिहिलं, व्हायवाही झाला. आता त्यातूनच पेपर केला तर तो परत आलाय. रिव्ह्यूअरचं म्हणणं, २८ तुलना केल्यात आणि त्याचं कसलंही करेक्शन नाही, टूकी लावा. गाईड सर म्हणतात, आपल्याकडे कायम सीडीच लावतात, त्या माणसाला शेतीतलं काही कळत नाही. रात्री बसून टूकी लावून बघितला तर माझं सगळं सिग्निफिकंट गायब! एकच जोडी उरली.

आकडे देते. दाण्याचं उत्पादन, क्विंटल प्रति हेक्टर:
टी-१: १६.२, टी-२: १७.४, टी-३: १८.१, टी-४: १८.९, टी-५: १९.३, टी-६: १९.८, टी-७: २०.३, टी-८: २१.५
एरर मीन स्क्वेअर (वाफ्या-वाफ्यांतला उगाचचा फरक) २.४३. एफ (सगळ्या ट्रीटमेंट मिळून काही फरक आहे का याची चाचणी) ३.५०, तक्त्यातला २.७६, म्हणजे ५ टक्क्यांना सिग्निफिकंट.

कोण बरोबर? सर की रिव्ह्यूअर? आणि मी सरांना कोणत्या तोंडाने सांगू?

खान्देशी वांगं
सीडी म्हटल्यावर मला वाटलं जुन्या गाण्यांचा धागा आहे. 😀 आम्हा अडाण्यांना कोणी सांगेल का हे काय प्रकरण आहे ते?

गणूकाका
वांगोबा, सीडी म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. दोन सरासरींमधला फरक त्यापेक्षा मोठा असेल तर तो खरा मानायचा, लहान असेल तर 'ॲट पार' म्हणून सोडून द्यायचा. बाहेरच्या जगात यालाच एलएसडी म्हणतात. आपल्याकडे कृषी विद्यापीठांत सीडी रुळलंय, प्रत्येक तक्त्याच्या तळाशी दोन ओळी असतातच: एस.ई.(एम)± आणि सी.डी. ५ टक्के.

घाटेअळी, आधी हाताने करू. सॉफ्टवेअर बाजूला ठेव, पेन घे.

एरर २.४३ भागिले रेप्लिकेशन ३, त्याचं वर्गमूळ ०.९०. हा एस.ई.(एम), म्हणजे एका सरासरीची प्रमाण त्रुटी. दोन सरासरींच्या फरकासाठी त्याची १.४१४ पट, म्हणजे १.२७. एररचे डी.एफ. (डिग्रीज ऑफ फ्रीडम) ७ गुणिले २ म्हणजे १४. टी-तक्त्यात १४ समोर ५ टक्क्यांना २.१४५. गुणाकार केला की २.७३. ही तुझी सीडी.

आता टूकी. इथे टी-तक्ता चालत नाही, स्टुडंटाइज्ड रेंजचा तक्ता लागतो. ८ सरासरी आणि १४ डी.एफ. यांना ४.९९. याला थेट ०.९० ने गुणायचं. पोरं इथे हमखास चुकतात, १.४१४ पुन्हा लावतात. तो त्या तक्त्यात आधीच मुरलेला असतो. उत्तर ४.४९.

म्हणजे एकाच शेतातला, एकाच काट्यावर मोजलेला हरभरा, पण एकाची उंबरठ्याची उंची २.७३ आणि दुसऱ्याची ४.४९. सीडीने २८ पैकी ७ जोड्या वेगळ्या ठरतात. टूकीने फक्त टी-१ आणि टी-८, फरक ५.३. तुझं गणित चुकलेलं नाही, काळजी करू नको.

घाटेअळी
हो काका, अगदी हेच आकडे आले! पण मग एवढा फरक का? एक पद्धत खोटी आहे का?

गणूकाका
खोटी कुठलीच नाही. दोघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे आपण म्हणतो ना? ५ टक्के पातळी म्हणजे एवढंच, की दोन ट्रीटमेंटमध्ये खरा फरक काहीच नसताना शंभरातून पाच वेळा फांदी उगाचच मोडेल आणि आपण कावळ्याला दोष देऊ. एक कावळा, एक फांदी असेल तर हे परवडतं. तू २८ फांद्यांवर २८ कावळे बसवलेस. त्यावर तू काय केलंस, तर सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सरासरी उचलून त्यांचीच तुलना पुढे केलीस. एखादी फांदी मोडणारच.

किती मोडेल याचा हिशेब झालेला आहे. समज सगळ्या ट्रीटमेंट अगदी सारख्या आहेत, फरक शून्य. तरी पाच ट्रीटमेंट असतील तर सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान सरासरी यांतला फरक सीडीच्या वर जाण्याची शक्यता २९ टक्के. दहा असतील तर ६३. पंधरा वाणांच्या चाचणीत ८३ टक्के! म्हणजे पंधरा पुड्यांत एकाच वाणाचं बी भरून पेरलंत, तरी बहुतेक वेळा कुठला तरी 'वाण' कुठल्या तरी 'वाणा'पेक्षा सरस निघणार.

(कोणी वर्गात ०.९५ चा ४५ वा घात करून दहा ट्रीटमेंटना ९० टक्के सांगत असेल तर ते बरोबर नाही. त्या ४५ तुलना एकमेकींपासून सुट्या नसतात. टी-१ उगाच खाली गेला तर तो आपल्या नऊही जोड्यांत खालीच दिसतो. म्हणून ९० नव्हे, ६३.)

टूकी म्हणतो, २८ च्या २८ जोड्या मिळून एकही खोटी फांदी मोडण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत ठेवा. याला फॅमिली-वाइज एरर म्हणतात. सीडी म्हणते, मी एका जोडीची हमी घेते, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

खान्देशी वांगं
पंधरा पुड्या, एकच बी. हे एकदम समजलं. आमच्या गल्लीतल्या बियाणेवाल्याला हे आधीपासूनच माहीत असावं.

इंदुरी पोहे
सरांचा कैवार थोडा मीही घेतो. एलएसडी ही फिशरची. फिशर १९१९ मध्ये इंग्लंडातल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाला, ॲनोव्हाची (हा एफ ज्यातून निघतो त्या पद्धतीची) बांधणी तिथल्याच कामातून झाली. त्याची अट होती की आधी एफ सिग्निफिकंट येऊ द्या, मगच जोड्यांकडे बघा. यालाच प्रोटेक्टेड एलएसडी म्हणतात. घाटेअळी यांचा एफ आलेला आहे, म्हणजे सर अगदीच वाऱ्यावर बोलत नाहीत.

आपल्याकडे ही पद्धत घरोघरी नेली ती पानसे आणि सुखात्मे यांच्या पुस्तकाने, आयसीएआरने (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने) १९५४ मध्ये काढलेल्या. थिसिसच्या संदर्भसूचीत हे दोघं नसतील तर तो थिसिस आपल्याकडचा नाहीच समजा. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. आणि वि. गो. पानसे आमच्या इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीमधले, हे मी दर वेळी छाती पुढे काढून सांगतो.

गणूकाका
पोहे, सांगा की, हक्क आहे तुमचा. पण एफची ती राखण अर्धवट असते. सगळ्याच ट्रीटमेंट सारख्या असतील तरच एफ दारात उभा राहतो. प्रयोगात एखादा कंट्रोल ढळढळीत मागे असेल (आणि शेतीत बहुधा असतोच), तर एफ त्याच्या जोरावर सिग्निफिकंट होतो, दार सताड उघडतं आणि उरलेल्या सातांच्या आपसातल्या २१ जोड्यांना राखणदारच उरत नाही. तीन ट्रीटमेंट असतील तर मात्र ही राखण पुरते. आठांना नाही.

घाटेअळी
डिपार्टमेंटमधल्या एका सिनियरने सुचवलं की मधला मार्ग म्हणून डीएमआरटी (डंकनची मल्टिपल रेंज टेस्ट) लाव, रिव्ह्यूअरही खूश आणि सरही. काय करू?

गणूकाका
डंकनची ती १९५५ ची पद्धत. तुझ्या आकड्यांवर लावून बघितली. सीडीच्या सात जोड्यांतली फक्त टी-२ आणि टी-७ गळते, २.९ चा फरक. बाकी सहा जशाच्या तशा. म्हणजे सीडीचीच चुलत बहीण, नुसती साडी बदललेली. क्रमाने मांडलेल्या सरासरींत जोडी जितकी लांबची तितका उंबरठा थोडा वाढतो, २.७३ पासून जेमतेम ३.०७ पर्यंत. अ, ब, क अशी अक्षरं छान लागतात, म्हणून लोकांना आवडते. चाणाक्ष रिव्ह्यूअर लगेच ओळखेल.

तुटकी पेन्सिल
मी पुण्यात क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीचं काम करते. आमच्याकडे हा वाद निकालानंतर होतच नाही, कारण कुठल्या तुलना करणार आणि त्यांना कुठलं करेक्शन लावणार हे पहिला रुग्ण यायच्या आधी कागदावर लिहून ठेवावं लागतं. नंतर बदललं तर कोणी उभं करत नाही.

घाटेअळी ताई, मला एक सांगा. तुम्हाला खरंच २८ जोड्या हव्या आहेत का? टी-१ हा कंट्रोल असेल आणि प्रश्न एवढाच असेल की 'कंट्रोलपेक्षा कोण सरस', तर तुलना ७ आहेत, २८ नाहीत. त्याला डनेटची पद्धत आहे, तीही १९५५ चीच. १४ डी.एफ. आणि ७ ट्रीटमेंटला तक्त्यात २.९७. गुणिले १.२७, म्हणजे ३.७८ च्या आसपास. टी-७ (फरक ४.१) आणि टी-८ (५.३) दोन्ही पास, टी-६ (३.६) थोडक्यात राहिला.

प्रश्न आवरता घेतला की उंबरठा ४.४९ वरून ३.७८ वर आला. कोणी फुकट काही दिलेलं नाही. बाकीच्या २१ जोड्यांबद्दल बोलायचा हक्क सोडला, त्याची ही किंमत.

चिंचेचं बोटूक
माझा एक बावळट प्रश्न यातच विचारून घेते. एमएड.च्या प्रबंधासाठी एसपीएसएसमध्ये बॉन्फेरोनी लावला तर पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) चक्क १.००० आली, तीसुद्धा चार ठिकाणी. मार्गदर्शक म्हणाल्या सॉफ्टवेअर बिघडलंय.

तुटकी पेन्सिल
सॉफ्टवेअर ठणठणीत आहे. बॉन्फेरोनीत खरं तर ०.०५ ला तुलनांच्या संख्येने भागायचं असतं. एसपीएसएस उलटं करतं, ०.०५ तसंच ठेवतं आणि पी ला त्या संख्येने गुणतं. सहा तुलना असतील आणि मुळात पी ०.४ असेल तर गुणाकार २.४ येतो. शक्यता एकच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून ते १.००० वर थांबतं. आणि त्याच यादीत 'एलएसडी' असा पर्याय दिसतो ना, त्यात करेक्शन काहीच नसतं बरं का. पोस्ट-हॉकच्या (एफनंतरच्या तुलनांच्या) यादीत नाव आहे म्हणून लोक टिचकी मारतात आणि करेक्शन केलं असं लिहून मोकळे होतात.

बॉन्फेरोनीच लावायचा असेल तर त्याऐवजी होल्म लावा. १९७९ ची पद्धत. सर्वांत लहान पी ला ०.०५ भागिले सगळ्या तुलनांची संख्या हा उंबरठा, पुढच्याला एकाने कमी संख्येने भागलेला, असं उतरत जायचं आणि जिथे पहिली अडेल तिथे थांबायचं. हमी तीच, आणि बॉन्फेरोनीत जे पास होतं ते यात होतंच, वर एखादं जास्त. साधा बॉन्फेरोनी लावण्याचं एकच कारण मला माहीत आहे, सवय.

चिंचेचं बोटूक
तरीच! ताई, तुमच्या तोंडात साखर पडो. मार्गदर्शकांना कसं सांगायचं ते बघते. या धाग्यावर सगळ्यांचं दुखणं एकच दिसतंय.

जीनवाला बाब्या
२८ तुलनांना काय घाबरता राव. आम्ही एका वेळी वीस हजार जीन तपासतो. काहीच फरक नसला तरी ५ टक्क्याने हजार जीन 'सापडतात'. तिथे बॉन्फेरोनी लावला तर हाती भोपळा. म्हणून आम्ही वेगळाच सौदा करतो: एकही खोटा नको असा हट्ट धरत नाही, सापडलेल्यांत खोट्यांचं प्रमाण सरासरी ५ टक्क्यांच्या आत राहू दे एवढंच मागतो. बेंजामिनी आणि हॉखबर्ग, १९९५.

आणि करेक्शन न लावल्याची सर्वांत भारी गोष्ट माशाची. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि 'यांच्या मनात कुठली भावना आहे सांग' असं विचारलं. मेंदूच्या प्रतिमेतल्या हजारो ठिपक्यांची एकेक चाचणी केली, करेक्शन न लावता. मेलेल्या माशाच्या मेंदूत हालचाल 'सिग्निफिकंट' दिसली! करेक्शन लावल्यावर मासा पुन्हा मेला. २०१२ ला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं त्यांना.

खान्देशी वांगं
मासा पुन्हा मेला 😂😂 त्याला सुरमईचा मसाला चालेल का?

अर्धा कप
सगळे एका सुरात गाताहेत म्हणून थोडा बेसूर लावतो. मी साथरोगवाला. १९९० मध्ये केनेथ रॉथमनने लेख लिहिला होता, त्याचं शीर्षकच होतं की मल्टिपल कंपॅरिझनसाठी कसल्याही ॲडजस्टमेंटची गरज नाही. आणि तो काही येरागबाळा नव्हे.

त्याच्या पंथातला म्हणून माझा मुद्दा असा. टी-७ आणि टी-२ मधला फरक २.९ आहे. टी-३, टी-४ वगैरे बाजूच्या वाफ्यांत होते म्हणून हा फरक कमी खरा होतो का? घाटेअळी यांनी टी-७ आणि टी-२ असा दोनच ट्रीटमेंटचा पेपर काढला असता तर साधी टी-टेस्ट चालली असती. आठ एकत्र छापल्या म्हणून दंड? मग उद्या लोक एका प्रयोगाचे चार पेपर करतील. तसेही करतातच म्हणा.

शिवाय 'कुटुंब' कशाला म्हणायचं? उत्पादनाबरोबर घाट्यांची संख्या, शंभर दाण्यांचं वजन, प्रथिनं, सगळं मोजलं असेल. त्यांच्याही २८-२८ जोड्या धरायच्या का? दुसऱ्या वर्षीच्या? एखाद्या संशोधकाच्या आयुष्यभराच्या? आणि खोटी फांदी मोडू नये म्हणून इतकं जपायचं, की खरी मोडलेलीही दिसू नये, हे तरी शहाणपणाचं का?

तुटकी पेन्सिल
अर्धा कप, औषधाच्या गोळीबद्दल असं बोललात तर मी तुम्हाला आमच्या ऑफिसात चहाला बोलावणार नाही. पण 'कुटुंब' ठरवण्याला नियम नाही, तो निवाडा असतो, हे मान्य. फक्त तो निवाडा आकडे बघायच्या आधी करायचा. आकडे बघून ठरवलेलं कुटुंब म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका जुळवणं.

अर्धा कप
माझीही तक्रार तेवढीच आहे, रिव्ह्यूअरने 'टूकी लावा' म्हणताना प्रश्न काय आहे हे विचारलंच नाही.

गणूकाका
काल रात्री झोपताना एक शंका आली. घाटेअळी, त्या आठ ट्रीटमेंट होत्या तरी काय? तू नुसते टी-१ ते टी-८ आकडे दिलेस.

घाटेअळी
सॉरी काका, लिहायचं राहूनच गेलं.

टी-१: नुसती शिफारशीत खतमात्रा
टी-२: टी-१ + राझोबियमची (मुळांवर गाठी करून नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची) बीजप्रक्रिया
टी-३: टी-१ + पीएसबीची (स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची) बीजप्रक्रिया
टी-४: टी-१ + राझोबियम + पीएसबी
टी-५: टी-१ + फुलोऱ्यात आणि घाटे भरताना २ टक्के युरियाची फवारणी
टी-६: टी-२ + फवारणी
टी-७: टी-३ + फवारणी
टी-८: टी-४ + फवारणी

गणूकाका
अगं बाई, आणि हे तू आता सांगतेस होय!

या आठ ट्रीटमेंट नाहीतच. या तीन गोष्टी आहेत. राझोबियम आहे किंवा नाही, पीएसबी आहे किंवा नाही, फवारणी आहे किंवा नाही. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. हा फॅक्टोरियल आहे, टी-१ ते टी-८ असा बुरखा घातलेला. २८ जोड्यांचा प्रश्नच मुळात चुकीच्या दारात उभा होता.

आता बघ. फवारणी असलेले चार: १९.३, १९.८, २०.३, २१.५. सरासरी २०.२. नसलेले चार: १६.२, १७.४, १८.१, १८.९. सरासरी १७.६५. फरक २.५८. आणि ही सरासरी तीन वाफ्यांची नाही, बारा वाफ्यांची आहे. चोवीसच्या चोवीस वाफे या एका प्रश्नासाठी राबले. फरकाची प्रमाण त्रुटी १.२७ ची निम्मी, ०.६४. सीडी १.३६ वर आली. टी ४.०५, पी ०.००१ च्या आसपास. हे कोणतंही करेक्शन लाव, हलत नाही.

पीएसबी: असलेल्यांची सरासरी १९.७, नसलेल्यांची १८.१८. फरक १.५२. टी २.४०, पी ०.०३.

राझोबियम: १९.४ आणि १८.४८. फरक ०.९२, सीडीच्या आत. दिसत नाही. त्या रानात आधीपासून हरभरा घेत असतील तर जमिनीत राझोबियम असेलच, बाहेरून दिल्याने फार वाढ दिसणार नाही. ही माझी अटकळ, तुझा डेटा हे सांगत नाही.

आणि इंटरॲक्शन (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून आहे का ते) चारही काढली, सर्वांत मोठं ०.२८. म्हणजे पीएसबीचा फायदा फवारणी असो वा नसो जवळपास तेवढाच. तुझ्या ट्रीटमेंटच्या सात डी.एफ.चा हा पूर्ण हिशेब झाला: सात प्रश्न, सात उत्तरं.

फिशरने १९२६ मध्येच लिहून ठेवलंय, निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा हे म्हणणं चुकीचं आहे; नीट विचार करून आखलेली प्रश्नावली दिली तर तो चांगली उत्तरं देतो. तुझ्या सरांनी आखणी करताना प्रश्नावली छान दिली होती. उत्तरपत्रिका तपासताना मात्र सगळ्यांनी मिळून टी-८ चा पहिला नंबर काढला.

घाटेअळी
काका... मी दहा मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसले. ट्रीटमेंट मी स्वतः लिहिल्यात, बीजप्रक्रिया माझ्या हाताने केलीय, फवारणी पंप पाठीवर घेऊन मी केलीय, आणि हे दिसलं नाही.

तुटकी पेन्सिल
काका, सलाम. पण मी माझं तुणतुणं वाजवतेच. मुख्य प्रश्न तीन. होल्म लावला तर फवारणी ०.०१७ च्या आत, पास. पुढचा उंबरठा ०.०२५. पीएसबीचा पी ०.०३. नापास.

गणूकाका
अगं, हे तीन प्रश्न आखणीतच लिहिलेले आहेत, एकमेकांना छेद न देणारे आहेत, आकडे बघून शोधलेले नाहीत. अशा ठरवून केलेल्या तुलनांना करेक्शन लावत नाहीत, आम्ही तरी असंच शिकवत आलो. एका प्रयोगात तीन प्रयोग बसवले, एवढंच.

तुटकी पेन्सिल
तीन औषधांचं मिश्रण घेऊन कोणी आमच्याकडे आलं आणि म्हणालं 'तीन प्रयोग एकात बसवलेत, तिन्हींना पाच-पाच टक्के द्या', तर आम्ही नाही देत.

अर्धा कप
०.०३ ला पास म्हणा की नापास, फरक १.५२ च आहे. कॉन्फिडन्स इंटरव्हल लिहा: पीएसबीचा फायदा ०.२ पासून २.९ क्विंटलपर्यंत कुठेही असू शकतो. शेतकऱ्याला बीजप्रक्रियेचा खर्च माहीत असतो, तो ठरवेल.

आणि ते 'ॲट पार' जरा जपून वापरा. टी-७ आणि टी-८ मधला फरक १.२, सीडी २.७३. म्हणजे खरा फरक उणे दीडपासून अधिक ३.९ पर्यंत काहीही असेल. हेक्टरी जवळजवळ चार क्विंटल हातचे जाण्याची शक्यता ज्या वाक्यात दडलीय त्याला 'बरोबरीचे' म्हणणं मला पटत नाही. टूकीत तर अजून गंमत: टी-८ हा टी-२ शी ॲट पार, टी-२ हा टी-१ शी ॲट पार, पण टी-८ आणि टी-१ वेगळे! बरोबरी असती तर असं झालं असतं का? त्याचा अर्थ एवढाच की आपल्याला वेगळं करता आलं नाही.

इंदुरी पोहे
वेगळं करता यायला वाफे हवेत. तीनऐवजी पाच रेप्लिकेशन असती आणि एरर तेवढीच राहिली असती, तर टूकीचा उंबरठा ४.४९ वरून ३.२ पर्यंत उतरला असता. पण चाळीस वाफ्यांना मजूर आणि जागा कोण देणार, हेही खरं.

ता.क. फॅक्टोरियलचं ॲनॅलिसिस करायला महागडं काही लागत नाही. हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ओपीस्टॅट आणि गोव्याच्या आयसीएआर संस्थेचं वास्प दोन्ही ऑनलाइन आहेत. आर ही आकडेवारीची संगणकभाषा येत असेल तर उत्तमच.

घाटेअळी
अपडेट देते, दोन आठवडे झाले.

आरमध्ये फॅक्टोरियल करून सरांकडे गेले. छातीत धडधड. सर पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग ट्रीटमेंटच्या यादीवर पेन्सिलने तीन रकाने आखून स्वतः अधिक-उणे अशा खुणा करत गेले. शेवटी म्हणाले, 'सिनॉप्सिस लिहिताना हे माझ्या डोक्यात होतं गं. नंतर नुसतं टी-वन टी-टू झालं.'

पेपर नव्याने लिहिला. मुख्य तक्ता तीन घटकांचा, प्रत्येकाचा फरक आणि ९५ टक्के इंटरव्हल. खाली एक ओळ: तीन मुख्य परिणाम आखणीतच ठरलेले होते, होल्म करेक्शन लावल्यास फवारणीचा परिणाम टिकतो, पीएसबीचा टिकत नाही. पेन्सिल ताई, ही ओळ तुमची. करेक्शन न लावलेला पी पण ठेवलाय, काका, तो तुमचा. 'ॲट पार' एकदाही नाही. आठ सरासरींचा तक्ता शेवटी नुसता माहितीसाठी, त्याला अक्षरं लावली नाहीत.

रिव्ह्यूअरला उत्तर लिहिताना टूकी का लावला नाही ते अर्ध्या पानात सांगितलंय. परवा पाठवला.

आता थिसिसमध्ये छापून गेलेल्या त्या 'टी-४ ते टी-७ ॲट पार'चं काय करायचं ते कळत नाहीये. चार प्रती लायब्ररीत गेल्यात.

गणूकाका
राहू दे. माझ्या १९८१ च्या थिसिसमध्ये बारा ट्रीटमेंट आणि सहासष्ट जोड्या आहेत. अजून कोणी उघडलेला नाही.

खान्देशी वांगं
काका, ट्रीटमेंटची यादी टाका की इथे. बघू फॅक्टोरियल निघतोय का.